एका नळीचा चोकप

गेल्या रविवारी सकाळी शेजारच्या आबांनी माझ्या सायकलच्या टॉपट्यूबवरच्या (हॅंडल ते सीट या आडव्या नळीवरच्या) बारक्या भोकाला तोंड लावलं आणि गाल फुगवून फुंकर मारली. पलीकडच्या भोकातून काळ्या-तांबड्या चिखलाची पिचकारी उडाली आणि माझ्या चष्म्यावर बसली. नेमका तेव्हाच फाटकाशी उभा असलेला पोदेर, म्हणजे पाववाला, उंड्यांची पिशवी हातात तशीच धरून ओरडला, "आबान चोकप काडलो!" म्हणजे आबांनी तुंबलेलं मोकळं केलं.

झालं. अकरा दिवस मी त्या नळीशी झटत होतो. तेल, सिरिंज, गिटारची तार, हातड्रिल, स्वतःची कंबर, सगळं तिच्यात घातलं. आणि दुपारपर्यंत अख्ख्या वाड्यावर (गावातल्या आमच्या वस्तीत) झालं की सायकल आबांनी एका फुंकरीत नीट केली. त्या वेळी मी तिथं होतो की नव्हतो, याबद्दलही दोन मतं आहेत.

सायकल म्हणजे एका तारवट्याने (बोटीवर नोकरी करणाऱ्या खलाशाने) १९८०च्या दशकात रजेवर येताना युरोपातून बोटीवर घालून आणलेली, हलक्या पोलादी नळ्यांची, लगांमध्ये (नळ्यांच्या सांध्यांवरच्या पोलादी खोबण्यांत) झाळलेली फ्रेम. नावाची शेवटची दोन अक्षरं उरली आहेत. हिच्या मागच्या ब्रेकची केबल हॅंडलकडून येऊन टॉपट्यूबच्या पोटात शिरते आणि सीटजवळ बाहेर पडते. म्हणजे बाहेरून बघावं तर एकही वायर लोंबत नाही. जानेवारी १९८४ मध्ये फ्रान्चेस्को मोझेर या इटालियन गड्याने मेक्सिको सिटीत थाळीसारखी भरीव चाकं लावून एका तासात ५१.१५१ किलोमीटर सायकल हाणली. वारा चुकवायचं वेड त्या सुमारास सगळ्यांनाच लागलं होतं. त्याच्या त्या सायकलला ब्रेकच नव्हते, म्हणजे केबल लपवायचा प्रश्नच नव्हता. पण फॅशनला हे कोण सांगणार? मला तरी इथं गोव्यात डिचोलीहून साखळीला जाताना समोरचा ट्रक जो वारा देऊन जातो, त्यात ती सगळी बचत वाहून जाते.

पोदेराच्या उंच काळ्या सायकलला सळईचे ब्रेक आहेत. लिव्हर दाबला की सळई ओढली जाते, सळईने घोड्याच्या रिकिबीसारखी पट्टी वर येते, रबर रिमला खालून टेकतं. आत काही नाही, लपवलेलं काही नाही. पावसाळ्यात ते ब्रेक लागत नाहीत ही गोष्ट खरी, पण का लागत नाहीत हे निदान दिसतं तरी.

मूळ पाप माझं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एका दुकानात (गाव विचारू नका) फ्रेम रंगाचे टवके बघायला दिली होती. परत घेताना तिथला पोरगा मोठ्या मनाने म्हणाला, "आतली जुनी केबल काढून टाकली. तिचे पैसे लावले नाहीत." माझे हातपाय गळाले. जुनी केबल, गंजलेली असली तरी, नळीतली एकमेव वाटाडी असते. ती जागेवर असताना तिच्यावरून बारीक प्लास्टिकचं अस्तर, लायनर म्हणतात तो, सरकवायचा, तो पलीकडून बाहेर आला की जुनी केबल ओढायची, लायनरमधून नवी घालायची आणि मग लायनर काढून घ्यायचा. दहा मिनिटांचं काम. वाटाडीला आधीच हाकलून दिलं की दहा मिनिटांचे दहा दिवस होतात. ती केबल निघताना अर्धी आत तुटली असती तर मी आज हे लिहीत नसतो, दुसरं काहीतरी लिहीत असतो, तेही पोलिसांसमोर.

आता आत नेमकं काय असतं ते. अशा जुन्या फ्रेममध्ये तीन तऱ्हा सापडतात. एकीत केबल आपल्या पाच मिलिमीटर जाड आवरणासकट, म्हणजे आउटरसकट, टॉपट्यूबमधून सरळ पार जाते. तिथं चोकप सहसा होत नाही. दुसरीत फक्त दोन भोकं असतात आणि उघडी केबल नळीच्या पोकळीत मोकळी लोंबते. तिथं दुसरं भोक सापडणं हीच मारामारी. लोक दोऱ्याला प्लास्टिकचा कपटा बांधून पलीकडून व्हॅक्युम क्लीनर लावतात आणि दोरा ओढून घेतात, ते चालतं. तिसरी तऱ्हा माझी. आत एक वेगळी बारीक नळी दोन्ही टोकांना झाळून बसवलेली. केबल त्या नळीत उघडी जाते, आउटर दोन्ही बाजूंना बाहेरच थांबतं. बनवणाऱ्याने प्रेमाने केलेलं काम. एका टोकातून घातलेली केबल न चुकता दुसरीकडे निघते, फक्त ती नळी मोकळी असली पाहिजे.

माझी नळी आतून जेमतेम अडीच मिलिमीटर. ब्रेकची आतली केबल दीड मिलिमीटर, एकोणीस तारांच्या पिळाची. मधे जी फट उरते तिच्यात चाळीस पावसाळे मुरलेले. आमच्या गोव्यात जून ते सप्टेंबर बाहेर ठेवलेलं पोलादच नव्हे, कपाटातलं जायफळसुद्धा बुरशी धरतं. नळीला मधे किंचित पोट आलं होतं. पाणी तिथं साचलं, ग्रीस तिथं मेणासारखं घट्ट झालं आणि गंज तिथं फुगला. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, त्यामुळे बारीक नळी तो नुसती मळवत नाही, बूच मारल्यासारखी बंद करतो. शेवटी गंज म्हणजे तरी काय, लोहाचं ऑक्साइडच, आणि आमच्या तालुक्यातलं खनिजही तेच. गोव्यातल्या खाणी २०१२ साली थांबल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नूतनीकरण केलेली लिझं रद्द केली, पण माझ्या टॉपट्यूबमधली खाण बिनपरवाना चालूच होती.

पहिलं काम म्हणजे अडथळा नेमका कुठं आहे ते मोजणं. हे न करता लोक तार खुपसत सुटतात. तार पुढून घातली, अडली तिथं भोकाच्या काठाशी तिच्यावर चिकटपट्टी लावली, बाहेर काढून मोजली: एकतीस सेंटिमीटर. मागून तसंच: दोनच सेंटिमीटर. मी दचकलो. टॉर्च मारला तर मागच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं बूच घालून ठेवलेलं. शिंपल्यासारखं गुळगुळीत. ते टाचणीने कोरून काढलं, पुन्हा मोजलं: बारा. दोन्ही भोकांमधलं अंतर सेहेचाळीस. म्हणजे एकतीस आणि बारा त्रेचाळीस, मधे तीन सेंटिमीटर खनिज. आकडा कळला की माणसाला जरा बरं वाटतं, आजाराचं नाव कळल्यावर वाटतं तसं.

भाच्याने फोनवर सांगितलं, "मामा, चुंबक लाव ना. बाहेरून चुंबक फिरवायचा, आतली केबल मागोमाग येते." येते, पण ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेममध्ये. पोलादी नळीला चुंबक स्वतःच जाऊन चिकटतो, आणि त्याची ओढ नळीच्या भिंतीतच जिरते. त्यातून इथं केबलच आत नव्हती. हे समजावायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्याने मला तीन चित्रफिती पाठवल्या.

मग भिजवणं. चाकं, हॅंडल, सीटची दांडी काढून फ्रेम सोप्यावरच्या वाशाला डोकं वर करून टांगली. मागच्या भोकात जुन्या ट्यूबच्या रबराचा तुकडा कोंबला. पाच मिलीच्या सिरिंजला सुई लावून पुढून तेल सोडलं. कुठलं तेल, यावर सायकलवाल्यांत घराणी आहेत. काही जण अ‍ॅसिटोन आणि गिअरबॉक्सचं तांबडं तेल समसमान मिसळतात. ते गंजात शिरतं खरं, पण अ‍ॅसिटोनचा एक थेंब फ्रेमवर ओघळला तर नखांच्या रंगासारखा फ्रेमचाही रंग उतरतो. मी साधा डब्ल्यूडी-४० वापरला, आणि दर चोवीस तासांनी फ्रेम उलटीपालटी केली म्हणजे तेल दोन्ही बाजूंनी मुरेल. मधूनमधून बायकोचा हेअर ड्रायर. गॅसची ज्योत नाही. रंग जळतो, झाळ दुखावते, आणि तेलाने भरलेल्या नळीला आग दाखवणं हा दुरुस्तीचा प्रकार नव्हे.

इथवर सगळं माझ्या ताब्यात होतं. पाचव्या दिवशी आबा आले.

आबा एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले त्याला चौदा वर्षं झाली. खात्याचं नाव घेत नाही. पण नळाला पाणी आलं नाही की वाड्यावरचे सगळे अजूनही आधी त्यांच्या घराकडे बघतात. त्यांच्या लेखी जगात फक्त पाइप आहेत. डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली तेव्हा त्यांनी म्हणे विचारलं होतं की बायपास काढायच्या आधी एकदा फ्लशिंग करून बघितलं का. (आम्ही बोलतो कोकणीत, भांडतोही कोकणीत; लिहायला बसलो की मराठी. तेव्हा पुढचं संभाषण वाचकाने आपापल्या सोयीने ऐकावं.)

"कितें मरे, सायकलीक फाशी कित्याक दिलां?"

मी सांगितलं. ब्रेकची केबल, आतली नळी, गंज. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि हात मागे बांधून फ्रेमभोवती एक प्रदक्षिणा घातली, साइट इन्स्पेक्शनला येतात तशी.

"इनलेट खंयचें?"

"आबा, हिला इनलेट नसतो. ही केबल जायची वाट आहे."

"वाट म्हणजे पायप. पायप म्हटल्यार इनलेट आसताच."

"बरं, हे पुढचं भोक."

"आनी आउटलेट?"

"ते मागचं."

"लांबी?"

"सेहेचाळीस सेंटिमीटर."

"डायमीटर?"

"अडीच मिलिमीटर."

आबा गप्प झाले. सेवेत असताना त्यांनी अर्ध्या इंचाखालचं काही पाहिलेलं नव्हतं. मग खालच्या आवाजात, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "अडीच मिलिमीटर? हें कनेक्शनूच बेकायदेशीर."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"व्हॉल्व्ह ना?"

"नाही."

"वॉशआउट?"

"नाही."

"निमाणो मेंटेनन्स केन्ना जाल्लो?"

"असेल १९८६ वगैरे."

"मागीर तुका तक्रार करपाचो अधिकार ना," असं म्हणून त्यांनी विषय कार्यालयीन दृष्ट्या मिटवला. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच ते वळले. "पूण प्रेशर दिल्यार जातलें. तुज्याकडेन प्रेशर आसा?"

मी म्हटलं, दाब शेवटी द्यायचाय. आधी तेल मुरू दे, मग तारेने वाट पाडू, मग हवा. तीन सेंटिमीटर घट्ट गंजावर नुसती हवा मारली तर गंज तसाच राहतो आणि नळीला पंप जिथं जोडलाय तिथून हवा सुटते. आबा मान हलवत होते. मला वाटलं पटतंय. सरकारी माणसाची मान हलते तेव्हा ती पटल्याची खूण नसून ऐकून घेतल्याची पोच असते, हे एवढी वर्षं गोव्यात राहून मला कळायला हवं होतं.

आतून चहा झाल्याची हाक आली म्हणून मी गेलो. चार मिनिटं. बाहेर आलो तर फ्रेम वाशावरून उतरवून खांबाला टेकवलेली आणि आबा आमच्याच तांब्याने सीटट्यूबच्या उघड्या तोंडात पाणी ओतत होते.

"व्हडलें इनलेट मेळ्ळें," ते आनंदाने म्हणाले. "तूं त्या ल्हान बुराकाक लागून बसला!"

माझा आवाज फुटेना. त्यांनी दुसरा तांब्या भरला. सीटट्यूबचा त्या आतल्या नळीशी काडीचा संबंध नाही. सीटट्यूब खाली जाते ती थेट बॉटम ब्रॅकेटमध्ये, जिथं पायडलांचा आस फिरतो. पाणी तिथंच गेलं. बाहेर आलं नाही म्हणून आबा म्हणाले, "पळय, चोकप हांगाच आसा."

दुसरा पूर्ण दिवस त्या बॉटम ब्रॅकेटमध्ये गेला. कडं सैल करायचं, डावी वाटी काढायची, आस उपसायचा. जुन्या पद्धतीच्या ब्रॅकेटमध्ये दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा गोळ्या असतात. बावीसपैकी एकवीस ताटात पडल्या, बावीसावी सोप्याच्या उताराने जाऊन थेट गटारात. तसंही एकदा उघडलं की गोळ्या सगळ्याच नव्या घालाव्यात, त्या स्वस्त असतात आणि वाट्या महाग. ग्रीसचं झालं होतं पांढरं ताक. पुसून, वाळवून, नवं ग्रीस भरून, वाटी इतपतच घट्ट केली की आस मोकळा फिरेल पण हलणार नाही, मग कडं आवळलं. आबा मधे एकदा डोकावून गेले. "फ्लशिंग केल्यार कितलो कचरो भायर पडलो पळय," म्हणाले.

डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हटवणं. १९५३ साली सान डिएगोच्या एका छोट्या कंपनीला चाळिसाव्या प्रयत्नात हे मिश्रण जमलं म्हणून पुढे चाळीस. म्हणजे पाणी हटवायचं तेल एका बाजूने मी मुरवत होतो आणि दुसऱ्या बाजूने पाणी हटवायची गरज आबा पुरवत होते.

एक सांगायलाच हवं. आमच्याकडे आपल्या सोप्यावर बसून कुणी एकट्याने काही दुरुस्त करू शकत नाही. मिक्सर उघडा, छत्रीची काडी बसवा, माणसं गोळा होतातच. पडवी आपली, पान्हा आपला, कंबर आपली, पण काम सार्वजनिक. पूर्वी मला हे आपुलकीचं वाटायचं. आता तसं वाटत नाही. जो फुकट सल्ला देतो तो झालेलं नुकसान भरून देत नाही, म्हणून तो सल्ला फुकट असतो.

असो. सातव्या दिवसापासून तार. गोव्यात रोड-सायकलच्या ब्रेकची केबल शोधायला दोन तालुके पालथे घालावे लागतात, गिटारची तार मात्र केव्हाही मिळते. मी घेतली ती सर्वांत जाड, सहावी, .०४६ मापाची, म्हणजे साधारण १.१७ मिलिमीटर. तिच्या गाभ्याभोवती तारेचं वेटाळं असतं, ते बारीक कानशीसारखं काम करतं. दुकानदाराने विचारलं, बाकीच्या पाच नकोत? नकोत म्हटल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

ही तार विजेच्या ड्रिलला लावू नये, हातड्रिलला लावावी. विजेचं ड्रिल तार गरम करतं आणि पिळून तोडतं, आणि तुटलेला तुकडा आत राहिला की फ्रेम कापण्यावाचून गत्यंतर नाही. तार चकमध्ये धरताना भोकाबाहेर पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त मोकळी सोडायची नाही, नाहीतर ती चाबकासारखी फिरते आणि हाताला लागते. फिरवायची ती वेटाळं आवळेल त्याच दिशेने. उलट फिरवली तर वेटाळं उसवतं आणि आत गुंडाळी होऊन बसते. जोर लावायचा नाही. दहा-बारा फेरे, मग बाहेर ओढायची, चिंधीने पुसायची, तेलाचा थेंब, पुन्हा आत. चिंधीवर आधी काळं ग्रीस आलं, मग तपकिरी पीठ, मग तांबडं पीठ. तांबडं आलं की समजायचं मूळ खाणीला लागलो. चाकाची घासून टोकदार केलेली आरी वापरायचा मोह होतो, पण आरी ताठ असते, पोट आलेल्या नळीत ती वळत नाही, भिंतीला भोक पाडते. बाहेरून टॉपट्यूबला ड्रिल करायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा न देता पाठवावं. एक इंची ती नळी टोकांना ०.९ आणि मधे ०.६ मिलिमीटर जाडीची असते, बिस्किटाच्या डब्याहून फार जाड नाही.

सातव्या दिवशी एकतीसचे साडेएकतीस झाले. आठव्या दिवशी साडेबत्तीस. नवव्या दिवशी मागच्या बाजूने अर्धा सेंटिमीटर. दहाव्या दिवशी, शनिवारी रात्री, दिवे गेलेले असताना टॉर्चच्या उजेडात, तार अचानक सैल पडली. करवतीने लाकूड कापताना शेवटचा धागा तुटतो तशी. पुढून घातलेली तार मागच्या भोकातून तीन सेंटिमीटर बाहेर आली.

नोंद करून घ्या. शनिवारी रात्री. वाट पडली होती.

तारेच्या बाजूंना अजून चिकट गाळ होता, तो रातभर टर्पेंटाइनमध्ये भिजवून सकाळी पंपाने उडवायचं ठरवलं आणि झोपलो. सकाळी चष्मा लावला होता तो गॉगल सापडेपर्यंतची सोय म्हणून. पंप आणायला आत वळलो, परत वळलो, आणि आबा भोकाला तोंड लावून बसलेले दिसले. पुढचं सांगितलंच आहे.

आता हिशेब करा. माणूस जीव खाऊन फुंकला तरी दाब फार तर शंभर-दीडशे सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा. आबांच्याच भाषेत सांगायचं तर दीड मीटर हेड. सायकलचा उभा पंप सात-आठ बार देतो, म्हणजे सत्तर-ऐंशी मीटर हेड. पन्नास पट. अडथळा खरंच असता तर दीड मीटरने त्याचं केसही वाकडं झालं नसतं. हे मी आबांना आकडे मांडून सांगितलं. हेड म्हटल्यावर ते लक्षपूर्वक ऐकत होते, मधे चूळ भरत होते, कारण तोंडात टर्पेंटाइन गेलं होतं. शेवटी म्हणाले, "तें सगळें बरोबर. पूण गेलें मूं?"

याला उत्तर नाही.

पुढचं काम शांतपणे झालं, म्हणून त्याबद्दल कुणी विचारत नाही. टर्पेंटाइन दोनदा आरपार सोडलं, पंपाने वाळवलं, सुताच्या दोऱ्याला चिंधीची गाठ मारून तीनदा ओढली, शेवटच्या वेळी ती स्वच्छ आली, मग पातळ तेलाचा हात. केबल घेताना तिचं टोक बघावं. इथल्या दुकानांत साध्या सायकलची मिळते, तिच्या टोकाला छोट्या पिंपासारखा आडवा गठ्ठा असतो. रोड-सायकलच्या लिव्हरला नासपतीच्या आकाराचा लागतो. पिंप त्यात बसल्यासारखा दिसतो आणि ऐन उतारावर निसटतो. आउटरही ब्रेकचंच हवं, पाच मिलिमीटरचं, पोलादी पट्टीच्या वेटोळ्याचं. गिअरचं चार मिलिमीटरचं आउटर ब्रेकला कधी लावू नये, त्यातल्या तारा लांबीच्या दिशेने उभ्या असतात आणि जोराने ब्रेक दाबला तर त्या फुटून बाहेर येतात. केबल पक्कडीने चावायची नाही, कटरने एका घावात तोडायची, टोकाला सुपरग्लूचा थेंब द्यायचा म्हणजे एकोणीस तारा एकत्र राहतात, आणि पिळाच्या दिशेने फिरवत आत सोडायची. सेहेचाळीस सेंटिमीटर ती तेवीस सेकंदांत पार गेली. मी मोजले. बघायला कुणी नव्हतं.

मग दोन्ही भोकांशी आउटरच्या टोकाला टोप्या, ब्रेकला चिमटा, केबलच्या शेपटीला टोपण. पुढच्या भोकाशी आउटर थोडं खाली झोळ देऊन आणलं, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळातून ठिबकतं, नळीत शिरत नाही. तारवट्याने तेवढं केलं असतं तर ही खाण निघाली नसती. शेवटी लिव्हर पंधरा-वीसदा कचकचून दाबला. नवी केबल 'ताणली जाते' असं सगळे म्हणतात. केबल फारशी ताणली जात नाही, आउटर टोप्यांमध्ये नीट बसतं आणि त्यामुळे सैल पडल्यासारखं वाटतं. बसू द्यायचं, मग पुन्हा चिमटा सोडून आवळायचं.

सोमवारी संध्याकाळी एक बाई गॅसच्या शेगडीचा बर्नर घेऊन आबांकडे गेली. "सायकलीचो काडलो तसो," म्हणाली. आबांनी बर्नर तोंडाला लावल्याचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काजळीने ओठ काळे करून घेऊन ते तसेच आमच्याकडे आले, सायकल सोप्यावर उभी होती तिचा मागचा लिव्हर न विचारता दाबला, कान लावला, पुन्हा दाबला.

"ढिलो आसा," म्हणाले, आणि खाली वाकून कॅलिपरवरच्या (ब्रेकच्या जबड्यावरच्या) केबल ताणायच्या बॅरलला, मी अर्धा तास लावून जुळवलेल्या बॅरलला, दोन फेरे बाहेर दिले. रबरं रिमला घासायला लागली. "आतां बरो," म्हणून ते निघून गेले.

रात्री सगळे झोपल्यावर मी टॉर्च घेऊन बाहेर गेलो आणि ते दोन फेरे मागे फिरवायला बसलो. एक फेरा फिरवला, चाक मोकळं झालं. लिव्हर दाबून पाहिला. दुसरा फेरा त्यांचा बरोबर होता. तो तसाच ठेवला.